मेल पोचला का?

२ डिसेंबर, सोमवार

ही वही प्रेमराजनानांमुळे. आज कॉम्प्युटरच्या वर्गात सांगितलं, रोज घरी पाच ओळी लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी इथे येऊन टाइप करायच्या. विषय कुठलाही चालेल, ओळी पाचच्या खाली चालणार नाहीत. प्रेमराजनाना – एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, नेहमी पहिल्या खुर्चीवर – लगेच हात वर! “मॅडम, तुम्ही स्वतः लिहिता का रोज पाच ओळी?” सातही जण माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, “हो.”

साफ खोटं! पाटबंधारे खात्यात जन्मभर टिपणं लिहिली, स्वतःसाठी एक ओळ नाही. आता बोलून बसले, तेव्हा लिहिणं भाग आहे. पाच ओळी केव्हाच झाल्या. पुरे.

४ डिसेंबर, बुधवार

खोली वाचनालयाच्या मागची. दोन कॉम्प्युटर, दोन्ही कुणीतरी टाकून दिलेले, पण चालतात. साठीच्या आतलं कुणी नाही.

सगळ्यांत तयार जरीनाआपा. आयुष्यभर शिलाई मशीन चालवलंय, बोट जिथे पडायला हवं तिथेच पडतं. पण टाइप करताना टेबलाखाली पायही चालतो! आज म्हटलं, पाय थांबवा. थांबवला – तर हातही थांबले. “मॅडम, पाव रुका तो सब रुका.” हलू दे पाय.

नवलआबा शेतकरी, कानाने कमी. माउस बैलाच्या कासऱ्यासारखा गच्च धरतात. तेल गिरणीतून निवृत्त झालेले तिघे एकाच कॉम्प्युटरला चिकटून बसतात. तिघांचं एकमत झाल्याशिवाय क्लिक होत नाही.

आणि ताईबाई. चौथी पास. इंटरनेट कशाला हवंय असं विचारलं तेव्हा बाकीचे म्हणाले, वेळ जातो. ताईबाई म्हणाली, “मना नातू जहाजवर शे. तठे फोन लागत नही. मेल जास.” नातू दीपक, जहाजाच्या स्वयंपाकघरात मदतनीस. त्याचे मेल मुलाच्या – झिपरूच्या – फोनवर येतात. तो वाचतो आणि आईला सांगतो, “बरा शे.” मेल केवढाही असो, “बरा शे.” ती म्हणाली, “माले बठ्ठं वाचनं शे.” सगळं!

कारण घेऊन आलेली ही एकटीच.

६ डिसेंबर, शुक्रवार

खाती उघडायचा दिवस. गोंधळ! एकाचाही मोबाइल नंबर स्वतःचा नाही, सगळे मुलांचे. कोड गेले सुरतला, नाशिकला, भाजीबाजारात. फोनवर फोन – “आबा, कोणाला काही सांगू नका! कोणीतरी फसवतंय!” झिपरू तर मोटारसायकल घेऊन थेट वर्गात. धापा टाकत म्हणतो, “माय, कोनीतरी तुन्हा नाववर खातं उघडी राह्यनं!”

ताईबाई मान न वळवता म्हणाली, “मीच उघडस. कोड सांग.”

सांगितला बिचाऱ्याने.

९ डिसेंबर, सोमवार

हितेंद्रभाऊ आले. वाचनालयाचे अध्यक्ष, कापसाची जिनिंग आहे, माणूस वाईट नाही, पण दारात उभं राहून बोलतो. म्हणे, खोली स्पर्धा परीक्षेच्या पोरांना अभ्यासिकेसाठी हवी. “ताई, राग मानू नका. या वयात मेल कशाला? व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग करतात की सगळे!” तेल गिरणीतले तिघे एकदम हसले. मी पाहिलं तसे गप्प झाले.

म्हटलं, अट सांगा. त्यांनी सांगितली – संक्रांतीच्या आत सातही जणांनी, कुणाच्या मदतीशिवाय, त्यांना एकेक मेल करायचा. सातातला एक जरी आला नाही तरी खोली रिकामी.

कबूल केलं. खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं त्यांनी. सोनेरी अक्षरांत मेलचा पत्ता.

ते गेल्यावर ताईबाईचा चेहरा पाहवेना. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही, फोन मुलाचा. खोली गेली की पुन्हा “बरा शे”.

१२ डिसेंबर, गुरुवार

पहिला मेल. एकमेकांना पाठवायचा. नवलआबा अडून बसले – “पहिली पत्रिका देवले जास, मंग मेल कोनले?” म्हटलं, देवाला मेलचा पत्ता नसतो. ऐकेनात! शेवटी कानबाई देवीच्या नावाने चार ओळी टाइप केल्या आणि न पाठवता मसुद्यात ठेवल्या. आबा खूश. “ती वाची ली.” वाचून घेईल म्हणे! बरं.

मग खरा तमाशा. मेल पाठवला की उठायचं, दुसऱ्याच्या खुर्चीजवळ जायचं आणि विचारायचं, “भेटना का?” – मिळाला का म्हणून. तोही उठून सांगणार, “भेटना!” अर्धा तास नुसती ये-जा. मी टेबलावर हात आपटला. मेल पाठवला की विचारायला जायचं नाही! जावं लागत नाही, हाच त्याचा फायदा!

ताईबाई म्हणाली, “नुसती पत्रिका धाडीसन कोनी लगीनले येस का, बाई? घर जाईसन सांगनं पडस.”

उदाहरण म्हणून मी माझा मेल उघडून दाखवला. धुळ्याच्या ऑफिसात वर्षानुवर्षं दीपमालाचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. पाडव्याला तिला मेल केलाय. बघा म्हटलं, पोचलेला आहे. मी विचारायला गेले का?

“मंग कशी शे ती?” ताईबाई.

मी म्हटलं, पुढचा धडा.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दीपमालाचं उत्तर आलेलं नाही हे खरं. एकदा फोन केला होता, उचलला नाही. उत्तर द्यायचं नसेल तर नको. मी मागे लागणाऱ्यांतली नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

दीपकने आजीच्या नव्या पत्त्यावर मेल केल्याचं झिपरूने सांगितलं. इथे मात्र काही नाही. ताईबाई दोन दिवस पडद्यासमोर बसून. शेवटी मी स्पॅम उघडायला शिकवलं – नको त्या मेलचं भंगार. लॉटरीच्या आणि टकलावर केस उगवण्याच्या जाहिरातींत दीपकचा मेल पडलेला! ताईबाईने त्या भंगाराला एक शिवी हासडली. इथे लिहीत नाही.

मग वाचायला बसली. बोट पडद्यावर ठेवून, एकेक अक्षर. दीपकने जहाजावर भरीत केलं. वांगी कुठल्यातरी परदेशी बंदरातली, लांबुळकी, बिनचवीची. कॅप्टनने तरी दोनदा मागून खाल्लं. शेवटी लिहिलं होतं – “आजी, तिसऱ्यांदा विचारतोय. मिरच्या किती टाकायच्या?”

तिसऱ्यांदा! ताईबाई उठून उभी राहिली. “झिपऱ्यानी माले सांगंच नही!” बरा शे म्हणे! तिकडे पोरगं भरतात मिरच्या किती म्हणून विचारून थकलं!

१९ डिसेंबर, गुरुवार

ताईबाईने उत्तर लिहायला घेतलं. वांगं कापसाच्या काड्यांवर भाजायचं, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण. जहाजावर कापसाच्या काड्या कुठून आणणार, असं मी विचारलं. “कॅप्टनले सांगी.” मिरच्यांपाशी गाडी अडली. मी म्हटलं, आकडा लिही. ती म्हणे, आकडा नसतो. “तोंड पाहीसन टाकनी.” वाद झाला. वर्ग तिच्या बाजूने! तसंच लिहिलं – खाणाऱ्याचं तोंड बघून टाकायच्या.

पाठवलं. उठली आणि सवयीने दाराकडे चालायला लागली. प्रेमराजनाना ओरडले, “ताईबाई, जहाजापर्यंत पायी जाता का?”

हसू आलं मला. कुणाला दिसलं नसावं.

२५ डिसेंबर, बुधवार

सुट्टी. दीपमालाचं काही नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

नवलआबांच्या मळ्यात भरीत. मी ‘वर्ग बुडवून जेवणं नकोत’ म्हटलं होतं. तरी गेलो. ताईबाईने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि मिरच्या टाकल्या. मला आणखी दोन हव्या होत्या, पण मागितल्या नाहीत. तिने न विचारता ताटात ठेचा वाढला.

प्रेमराजनाना माझ्याबद्दल म्हणाले, “नाव कोकिळा आणि आवाज एस.टी.च्या हॉर्नचा!” मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग तेही धीट झाले आणि परत म्हणाले.

१० जानेवारी, शुक्रवार

आज परीक्षा. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, आत पाहायचं नाही म्हणून पाठ करून. आतून आवाज येत होते – जरीनाआपांच्या पायाचा, तिघांच्या भांडणाचा, “ठिपका कोठे गया?” वगैरे. साडेपाचला प्रेमराजनाना बाहेर आले. “सातही गाड्या सुटल्या, मॅडम.”

प्रत्येकाने स्वतःचं लिहिलं. कुणी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

हितेंद्रभाऊंचं उत्तर नाही. मी माझा मेल दिवसभरात किती वेळा उघडला, ते लिहिणार नाही. ताईबाई येऊन दारात उभी राहिली – “बाई, विचाराले जावूत का?” नाही म्हटलं. मेल गेला आहे, उत्तर येईल. नियम म्हणजे नियम.

१२ जानेवारी, रविवार

गेले! सकाळी सातला सातही जण हितेंद्रभाऊंच्या अंगणात! मला न सांगता! प्रेमराजनानांना जाब विचारला. “मॅडम, तुम्ही नाही म्हटलं असतं.” अर्थातच म्हटलं असतं!

झालं ते असं. प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं, त्यातून जुळवलंय. हितेंद्रभाऊ चहा पीत होते. नवलआबा गेटमधूनच गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले – “भाऊ, मेल भेटना का?”

“कुठला मेल?”

भाऊ म्हणाले, थांबा, बघतो. फोन काढला, बोट वर-खाली, वर-खाली. जरीनाआपांनी वाकून पाहिलं. “भाऊ, ये तो व्हॉट्सॲप है.”

भाऊ लाल! मेल म्हणे जिनिंगवरचा क्लार्क बघतो, तो लग्नाला गेलाय, संक्रांत झाल्यावर येणार. म्हणजे मुदत संपल्यावर! ज्या माणसाने मेलची परीक्षा घेतली, त्याला स्वतःला मेल उघडता येत नाही! त्यांच्या घरच्या बाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या म्हणे.

ताईबाईने हात पुढे केला. “आन इकडे.” भाऊंनी फोन दिला. मेलचं ॲप त्यांच्याच फोनमध्ये होतं, एका कोपऱ्यात, कधी हातच न लावलेलं. चार मेल समोर सापडले. तिघांचे नव्हते. तेल गिरणीतले तिघे एकमेकांवर ओरडायला लागले. ताईबाई म्हणाली, “गप बसा. भंगारमा व्हतीन.” स्पॅम उघडलं – होते!

मग प्रत्येकाने आपापला मेल भाऊंना वाचून दाखवला. तोंडाने! अंगणात उभं राहून! ताईबाईचा मला जरीनाआपांनी सांगितला. “भाऊ, मना नातूना मेल आते मी आख्खा वाचस. खोली लई लेशात ते मी कोठे वाचू?”

भाऊंनी फोन खिशात ठेवला. मंगळवारी येतो म्हणाले. चहा मात्र सगळ्यांना दिला.

मी दोन दिवस पडद्यासमोर बसून होते, आणि हे लोक दारात जाऊन आले. मी उत्तराची वाट पाहत बसले असते आणि खोली गेली असती. रागावायला हवं होतं. जमलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार – संक्रांत

बरोबर चार वाजता हितेंद्रभाऊ. हातात तिळगुळाचा डबा. या वेळी दारात थांबले नाहीत, आत आले.

“ताई, खोली राहू द्या. अभ्यासिका वर माडीवर लावतो. पोरांना जिना चढता येतो.” खोलीच्या दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. नवलआबांना ऐकू गेलं नाही, म्हणून प्रेमराजनानांनी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. आबांनी भाऊंच्या पाठीत असा हात मारला की डबाच पडायचा.

भाऊ जाईनात. घुटमळले. मग हळूच, “ताई, आणखी एक होतं. सहानंतर… मागच्या दाराने… आठवडाभर… कोणाला कळायला नको.”

म्हटलं, “चार वाजता. पुढच्या दाराने. रोज पाच ओळी लिहून आणायच्या.”

“पुढे सरका, पुढे जागा आहे!” – प्रेमराजनाना. आवाज अजून तसाच आहे. ताईबाईने आपल्या शेजारची खुर्ची ओढली. भाऊ बसले. माउस उलटा धरला.

दीपकचाही मेल आलाय. कॅप्टनचं तोंड बघून मिरच्या टाकल्या, तो अजून पाणी पितोय. ताईबाईने सगळ्यांना दोनदा वाचून दाखवला. आख्खा.

निघताना ती माझ्याजवळ थांबली, तिळगूळ दिला. “बाई, तुमना धुळाना मेलनं काय झायं?”

“उत्तर नाही आलं.”

“तुम्ही गयात का?”

१५ जानेवारी, बुधवार

प्रेमराजनानांना दिलं – खोलीच्या दोन्ही किल्ल्या, हजेरीचा कागद, आणि हितेंद्रभाऊंना माउस धरायला शिकवायचं काम. फक्त आजच्यापुरतं. एस.टी. स्टँडवर बसून लिहितेय. धुळ्याची गाडी लागली. तिळगूळ घेतलाय. दीपमालाच्या दारात जाऊन विचारणार आहे – मेल पोचला का?