नववा प्रश्न

८ जुलै, मंगळवार

आज आम्ही सगळ्यांनी कॉपी केली! अकरा शिक्षक, उत्तरं एकसारखी. डेंटल कॉलेजची एक मुलगी आली होती, मधुरा, इंटर्न आहे. मुलांच्या दातांबद्दल प्राथमिक शिक्षकांना किती माहिती आहे, त्याची प्रश्नावली. पंधरा प्रश्न. नाव लिहायचं नाही, मार्क नाहीत. तरी हितेंद्र सर दारातून म्हणालेच, "शाळेचं नाव जायला नको हां." मुख्याध्यापकांना दुसरं काय सुचणार! मग निलेश सरांचा कागद सगळीकडे फिरला. त्यांचा मेहुणा मेडिकलच्या दुकानात आहे, एवढ्यावर ते आमचे तज्ज्ञ. वर्गात कुणी शेजारच्या वहीत डोकावलं तर मी अंगावर धावून जाते. आज स्वतः मान वाकडी करून बघत होते.

९ जुलै

अवनी आजही डबा न खाता गाल धरून बसली. दुसरीच्या वर्गातली माझी सगळ्यात बडबडी पोर, आणि तोंडातून शब्द नाही. तिच्या आईला, अंबिकाला, मी जूनमध्येच सांगितलंय — दुधाचा दात आहे, पडेल आपोआप. काळजी करू नका.

१५ जुलै, मंगळवार

मधुरा उत्तरं घेऊन आली. हसू दाबत म्हणाली, "मॅडम, नवव्या प्रश्नाला अकराच्या अकरा जणांनी बारा वर्षं लिहिलंय!" पहिली कायमची दाढ कितव्या वर्षी येते? सहाव्या! निलेश सर खिडकीबाहेर बघायला लागले. ही दाढ म्हणे दुधाच्या दातांच्या मागे, नव्या जागी येते. तिच्यासाठी आधी काही पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. "ती गेली की गेली, मॅडम."

सगळे हसत होते. मला अवनी आठवली. ती बोट कुठे लावते? पार मागे.

मधुराला वर्गात घेऊन गेले. अवनीने मोठ्ठा आ केला. मधुरा टॉर्च धरून बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कायमचीच आहे. कीड खोल गेलीय. नस जिवंत असेल तर वाचेल, पण लगेच कॉलेजात आणा."

१६ जुलै

शाळा सुटल्यावर डिलाईल रोडला अंबिकाच्या चाळीत गेले. जिना चढताना ठरवत होते, नुसतं 'डॉक्टर म्हणतायत' एवढंच सांगू. माझं नाव कशाला? कुणाला कळणार होतं! पण दारात ती "या बाई, बसा" म्हणाली आणि खोटं बोलवेना. "अंबिका, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती दाढ कायमची आहे."

ती ओले हात पुसत म्हणाली, "उद्या कामावर खाडा करते. कुठे यायचं?" बस. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. फार लाज वाटली.

१७ जुलै, गुरुवार

नस जिवंत आहे!! तीन खेपा लागतील. इंजेक्शनच्या वेळी अवनीने माझं बोट इतकं दाबलं की अजून ठणकतंय. ठणकू दे.

२१ जुलै, सोमवार

माझ्या वर्गात आजपासून वाढदिवसाला चॉकलेट बंद. चणे-कुरमुरे. पोरं कुरकुरली आणि गप्प बसली. निलेश सर अजून कुरकुरतायत.

३१ जुलै, गुरुवार

तिसरी खेप झाली. दाढ राहिली! अवनी दोन्ही बाजूंनी चावतेय आणि बडबडतेय. आज दोनदा तिच्यावर ओरडले. इतकं छान वाटलं!

१ ऑगस्ट, शुक्रवार

मधल्या सुट्टीत अंबिका आली. मान खाली. "बाई, एक सांगू? जूनमध्ये नाक्यावरचे डॉक्टर बोलले होते मला, दाढ कायमची आहे म्हणून. पण तुम्ही दुधाची बोललात ना. मग मी तुमचंच खरं धरलं."

डॉक्टरांपेक्षा माझा शब्द मोठा! उद्या पालकसभा, साठ आया येणार. मधुराला फोन केला — सकाळी आठला ये, आधी मला शिकव.