पडद्याच्या कडा

८ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून करायला हवा, पण पाठ आडवी येते, म्हणून उभ्यानेच केलेला गोड मानून घे.

ढब्बूने पाठवलेलं गेमचं यंत्र पोचलं. खोक्यात त्याने इतका कागद कोंबला होता की मला वाटलं आत काचेचं झुंबर आहे. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने ते टीव्हीला जोडून दिलं आणि जाताना हिला म्हणाला, "वहिनी, हे आता तुमच्या हातचे गेले." खोटं नाही. नोकरी सुटल्यापासून सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न होता, तो तुझ्या लेकाने सोडवला. आणि त्याला सांग, एकवीस वर्षांचा होऊन काठीसारखा वाळलास तरी माझ्यासाठी तू ढब्बूच.

तू विचारलंस, या वयात त्या खेळांत एवढं बघतोस काय. फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस, म्हणून लिहून कळवतो.

पहिला खेळ एका बुटक्याचा. त्याने उड्या मारत खड्डे ओलांडायचे. मी त्याला इतक्या वेळा खड्ड्यात घातलं की पुढेपुढे तो उडी मारायच्या आधी माझ्याकडे केविलवाणं बघतो असं वाटायला लागलं. त्या बिचाऱ्याला मोकळं केलं.

दुसरा शेतीचा. बी पेरा, पाणी घाला, कोंबड्यांना दाणे टाका. मी जन्मात कुदळ धरली नाही, पण तिथे माझे भोपळे असे आले की तू बघत राहिली असतीस. वाईट एवढंच की त्या गावात संध्याकाळ फार लवकर होते. अंधार पडला की मला माझंच घर सापडत नाही. कुंपणाला धडकत फिरायचं आणि शेवटी शेतातच आडवं व्हायचं. कंटाळून सोडला.

ट्रकचा खेळ मात्र माझ्या हक्काचा वाटला होता. सगळी उमर गोदामात फोर्कलिफ्ट चालवण्यात गेली. दोन रॅकच्या फटीतून माल असा काढायचो की वरच्या खोक्यावरची धूळ हलायची नाही. म्हटलं, इथे तरी आपली शान दिसेल. कसलं काय! लेन बदलली की बाजूच्या गाडीला ठोकलंच. त्या गाड्या अचानक उगवतात, ताई. खेळ बनवणाऱ्याने नीट बनवलेला नाही. तोही सोडला.

आता खेळतो तो घर लावायचा. कुणीतरी नव्या घरात राहायला आलंय, खोकी आलीत, ती उघडून एकेक वस्तू जागेवर ठेवायची. कप कपाटात, पुस्तकं फळीवर. ही म्हणते, "स्वतःच्या घरात एक चमचा उचलून ठेवत नाहीत, आणि तिकडे परक्याचा संसार लावतायत." पण मला तो आवडतो. त्यात कुणी मरत नाही, घाई नसते आणि बाजूने कुणी अंगावर येत नाही.

ढब्बू फोन करतो तेव्हा बारीकसारीक विचारत बसतो. कुठला सोडलास, का सोडलास, त्याच्या आधी कुठला सोडला होतास. माझ्या खेळण्यात एवढा रस घेणारा दुसरा कुणी नाही.

ओळी वाकड्या गेल्यात आणि एकीवर दुसरी चढलीय तिकडे लक्ष देऊ नकोस. टेबल डुगडुगतंय.

तुझा रिकामटेकडा भाऊ

२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार, याही खेपेला उभ्यानेच. ढब्बू रजा काढून चार दिवस राहून गेला. तो होता तोवर घर भरल्यासारखं होतं, आता भांडं पडलं तरी दचकायला होतं.

येताना त्याने दोघांनी मिळून खेळायचा एक खेळ आणला. एक टेकडी, तिच्यावर मेंढ्यांचा कळप आणि दोन मेंढपाळ, एक मी आणि एक तो. पडदा दोघांना एकच. लांडगे पडद्याच्या कडेने दबकत येतात. दिसला की काठी घेऊन धावायचं आणि त्याला हाकलायचं. मेंढ्या संपल्या की खेळ संपला. पोरखेळच, पण दुपारभर आम्ही त्यात रंगलो होतो.

आम्ही पलंगावर शेजारीशेजारी बसलो होतो आणि ही मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. थोड्या वेळाने हिला हसू आवरेना. म्हणाली, "अहो, दोघं टेबलफॅनसारख्या माना काय फिरवताय? इकडून तिकडे, तिकडून इकडे. मामा-भाचे शोभता खरे!"

ढब्बू हसला. मीही हसलो. मला मान फिरवायची सवय लागलीय, ती का ते पुन्हा कधीतरी सांगेन. पण त्याला कशाला लागावी?

मग मी पडदा सोडून त्याच्याकडेच बघत बसलो. तेवढ्यात ही ओरडली, "अरे, लांडगा आला!"

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "कुठे?"

"तो काय, कडेला! एवढा थोरला! दिसत नाही का तुम्हाला?"

आम्ही माना वळवेपर्यंत तो मेंढी उचलून गेला होता. मग दुसरी गेली, तिसरी गेली. ही वैतागून म्हणाली, "गोष्टीतलं पोरगं खोटं ओरडायचं म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी खरं ओरडतेय, तर दोघं राखणदार मलाच विचारतायत कुठे म्हणून!" मग तिने माझ्याकडे पाहिलं, नंतर त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातली घडी मोडून पुन्हा घालायला लागली. मी पाठ दुखतेय म्हणून खेळ बंद केला.

ताई, एक आठवतंय का बघ. ढब्बू लहानपणी दिवे गेले की जागचा हलायचा नाही, हाका मारत उभा राहायचा, ते कितव्या वर्षापर्यंत? सायकलवरून पडायचा तो नेहमी एकाच बाजूला की दोन्हीकडे? तू त्याला चिडवायचीस, आपल्या आईच्या भावावर गेलाय, धडपड्या मामावर. ते तू आपलं गमतीने म्हणायचीस की खरंच तसं काही वाटायचं?

सहज विचारलं. त्याला विचारू नकोस. मला मात्र उत्तर लवकर लिही.

तुझा भाऊ

१९ मार्च

ताई,

वाकून नमस्कार. पाठ चांगली आहे. ती कधीच दुखत नव्हती.

तुझं पत्र मिळालं. मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्यात उत्तर नाही, सगळं पत्र मोटारसायकलनेच भरलंय. एवढ्या हौसेने त्याच्यासाठी घेतलीस, रोज फडक्याने पुसतेस, आणि पोरगा तिला वळसा घालून बस पकडायला चालत जातो. घोडं दारात आणि स्वार पायी, असं दाजी चार लोकांत सांगतात. भित्रा म्हणतात. या रविवारी ते स्वतः मागे बसून त्याला मोठ्या रस्त्यावर नेणार आहेत. आणि तू लिहिलंस, "तुझं ऐकतो तो. तू त्याला समजाव."

म्हणून मी दाजींना फोन केला की पाठीने पुन्हा उचल खाल्लीय, ढब्बूला पाठवून द्या. माझी पाठ एवढी एकदा कामी आली. तो काल दुपारी आला. आत्ता बाहेरच्या खोलीत खेळतोय आणि मी आत दार लोटून लिहितोय. तुला फोन केला असता, पण त्याच्या कानावर गेलं असतं.

ताई, माझे डोळे जातायत. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तेवढंच. बाजूचं जवळजवळ काही नाही, आणि दिवस मावळला की तेवढंही नाही. फोर्कलिफ्ट मी कडेच्या रॅकला घातली. रॅक दिसलाच नव्हता. खोकी कोसळली, खाली कुणी नव्हतं हे नशीब. मालक भला, कुठे बोलला नाही, पण किल्ली परत मागितली. तुला पाठ सांगितली. पाठ बरी होते, म्हणून पाठ सांगितली.

यावर औषध नाही. एका डॉक्टरने सांगितलं म्हणून दुसऱ्याकडे गेलो, त्याने तेच जरा गोड आवाजात सांगितलं. त्यानेच विचारलं, आईच्या माहेरी कुणाला होतं का. मला धडपड्या मामा आठवला. आपण त्याच्या वाटेत स्टूल सरकवून ठेवायचो, आठवतं? तो पडला की सगळं घर हसायचं आणि तोही हसायचा. धांदरट आहे बिचारा, म्हणायचे सगळे. त्याला स्टूल दिसत नव्हतं, ताई.

हे दुखणं बायकांना तेवढं छळत नाही, पण त्यांच्यातून पुढे मुलांकडे जातं. आजीकडून मामाला, आईकडून मला. आईकडून तुझ्यातही आलं, आणि तू आहेस धडधाकट, त्यामुळे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. पुढचं लिहायला हात होत नाही. तुला कळलं असेल.

काल ठरवलं होतं की त्याला मीच सांगायचं. जिना चढताना त्याने भर दुपारी कठडा धरला होता, पायाने पायरी चाचपत होता, अगदी माझ्यासारखा. वर पोचल्यावर मी म्हटलं, "ढब्बू, एक सांगायचंय तुला."

तो म्हणाला, "मला माहीत आहे, मामा. मागच्या वर्षीच दाखवून आलोय. तिथे विचारलं, आईच्या भावाला आहे का. तेव्हा मला तुझी पाठ आठवली."

तोच पुढे म्हणाला, "म्हणून तुला मशीन पाठवलं. तुला सरळ विचारलं असतं तर तू पाठच सांगितली असतीस. तू कुठले खेळ सोडतोस ते मला बघायचं होतं." मग त्याने विचारलं, "शेतीचा आधी सोडलास ना? ट्रकचा नंतर?"

मी म्हटलं, "शेतीचा आधी."

"म्हणजे आधी अंधार, मग कडा," तो म्हणाला. बसचा मार्ग विचारून घ्यावा तसं. "आणि घर लावायचा खेळ अजून जमतो तुला?"

मी हो म्हटलं. खरं म्हणजे गेल्या महिन्यापासून तोही नीट जमत नाही. कप ठेवतो तो फळीच्या बाहेर जातो. हे मी त्याला सांगितलं नाही.

मग तो म्हणाला, "आईला सांगू नकोस. ती म्हणेल माझ्यामुळे झालं, आणि जन्मभर तेच घेऊन बसेल. आधीच ती रोज गाडी पुसून ठेवते, ते बघवत नाही मला." मी शब्द दिला. आज तो मोडतोय. माझ्यापुढे दुसरी वाट नाही. भित्रा म्हणवून घेऊन घेऊन एक दिवस तो चिडून त्या गाडीवर बसेल, आणि मागे दाजी असतील.

तुझ्यामुळे नाही गं, ताई. तुझ्यामुळे नाही, आईमुळे नाही. कुणी काही केलेलं नाही. हे मी तुला दहा वेळा लिहिलं तरी तू मानणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो.

आम्हाला मूल झालं नाही याचं दुःख तू पाहिलंयस. डॉक्टरकडून आलो त्या दिवशी जिन्यात बसलो होतो, आणि पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं. मग तुझं पोर डोळ्यांसमोर आलं.

तू मला विचारशील, आता काय करायचं. बरं होईल असं लिहिण्याचा प्रयत्न केला, दोन कागद फाडले. तेवढी गाडी विकून टाक. हप्ते, पेट्रोल, काय वाटेल ते कारण सांग दाजींना, पण रविवारच्या आधी ती दारातून जाऊ दे. तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल, आणि तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक. त्याला बाजूने हाक मारू नकोस, समोर येऊन बोल. जिन्यातला दिवा दिवसाही चालू ठेव. आणि स्वयंपाकघरातलं ते स्टूल एका जागी ठेव. झाडताना हलवलंस तर लगेच होतं तिथे परत ठेव.

बाहेर हे दोघं खेळतायत. ही आता मागे बसून घड्या घालत नाही, त्याच्या शेजारी बसून सांगत असते, "डावीकडे बघ, आता उजवीकडे." तरी मेंढ्या जातातच. आत्ता त्याने हाक मारली, "मामा, ये की, एकटा पुरा पडत नाही मी." मी काय पुरा पडणार त्याला? पण जातो.

स्टूल मात्र विसरू नकोस.

तुझा,
धडपड्या