घरच्या टॉवरवर कोणी चढू नये

मी, या घराची मालकीण, विज्ञानाची पदवीधर आणि धंद्याने टॉवर चढणारी, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी भरीला घातलेले नाही; तेवढी कोणाची छातीही नाही.

१. हौशी रेडिओवाल्यांच्या मोठ्या अँटेना उंच टॉवरवर बसवणे आणि दुरुस्त करणे, यावर मी व माझे दिवंगत पती जगलो. मी वर, ते खाली दोर धरून. आमचे गिऱ्हाईक असलेल्या टेकडीवरच्या वकीलसाहेबांनी पहिल्या दिवशी विचारले होते, "बाई, चढणारा माणूस कधी येणार?" मी म्हटले, "आलीये. तुमच्याशीच बोलतेय." माझा मोठा पाना अजून त्यांच्याकडे आहे. तो मागून घ्यावा. ते गोड बोलतील, तरी घ्यावा.

२. बँकेतील ठेव धाकट्या बहिणीला. तिने ती खर्च करावी, जपत बसू नये.

३. घर, परसातील टॉवर, दोर, कप्प्या आणि चढताना अंगाला बांधायचा हार्नेस बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. ती माझ्या हाताखाली शिकली आणि परक्यांच्या टॉवरवर माझ्याहून हलक्या पायाने चढते. परसातला टॉवर आम्ही नवराबायकोने स्वतःसाठी उभारलेला एकच. त्यावर माझे शेवटचे चढणे आणि तिचे पहिले एकाच दिवशी, असे आमचे ठरले होते.

ते आता होणे नाही. टॉवरचे पाय पोकळ नळ्यांचे असतात. आत साचणारे पाणी निघून जावे म्हणून तळाशी भोके ठेवतात. मी पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मला खूश करायला यांनी पायथ्याशी सिमेंटचा नवा ओटा घातला. मी आतून विचारले, "भोकं मोकळी ठेवलीत ना?"

"ठेवली गं बाई. तू पडून राहा."

भोके ओट्याखाली गेली होती. पुढे हेही गेले. या उन्हाळ्यात मी टॉवरच्या पायांवर हातोडी मारून पाहिली. वर खणखणीत आवाज, खाली बद्द. बाहेरून रंग लख्ख, आतून गंज. यासाठी यांना नावे ठेवणाऱ्याला या घराची पायरी चढू देऊ नये. तो हक्क माझा होता, आणि भांडायला आता समोर माणूस उरला नाही.

४. भाचीला हे सगळे सांगितले. तरी ती टॉवरच्या पहिल्या पट्टीवर पाय ठेवून उभीच.

"मावशी, एकदाच. हळू जाते."

"खाली उतर."

"वरून नदीचं वळण दिसतं, तूच म्हणालीस."

"म्हणाले. उतर."

उतरली. पण मी डोळे मिटले की ती चढणार, हे मी ओळखून आहे. म्हणून अट घालते: ती त्या टॉवरवर चढल्यास हे घर माझ्या थोरल्या दिरांना जाईल. भावजींचा या घरावर कधीपासून डोळा आहे, आणि परसात ते गॅरेज बांधतील. ते तिला माझ्याइतकेच सोसणार नाही.

५. टॉवरला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा भक्कम आहेत. वाऱ्याला टॉवर अजून तग धरेल, माणसाच्या वजनाला नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत उतरवणे मला झेपणार नाही. मी गेल्यावर लगेच क्रेन बोलवावी. अँटेना क्रेनच्या पाळण्यात उभे राहून काढाव्यात. क्रेनने टॉवर वरून पकडल्यावरच तारा सोडाव्यात, आधी नाही. त्या दिवशी हुकूम फक्त भाचीचा चालेल. भावजींनी खुर्ची टाकून बसावे आणि सूचना करू नयेत.

६. टॉवर मागच्या मैदानात आडवा ठेवल्यावर, त्याचे तुकडे पाडण्याआधी, भाचीने त्यावरून पायथ्यापासून टोकापर्यंत चालत जावे. चढण्याची बंदी त्याला लागू नाही. हार्नेस घालून जावे. लोक हसतील, हसू द्यावे. टोकाशी जरा थांबावे. याहून जास्त उंची तिला देणे माझ्या हातात राहिले नाही, याचे मला वाईट वाटते.

वरील मजकूर माझ्याच हातचा आहे. सही करताना साक्षीदारांनी मला पाहिले आणि मी त्यांना.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. क्रेनवाले (टॉवर स्वतः पाहून गेले आहेत)
२. घरच्या डॉक्टरीणबाई (माझी बुद्धी तपासून गेल्या आहेत)

ठिकाण: राहते घर, परसाकडची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर असेल तो