कोंबडीनं धरलेलं बोट

मिरज, जानेवारी १९९६, शुक्रवार संध्याकाळ

वळलं! कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, कापून मी पुन्हा सांधलेलं कोंबडीचं बोट आज पूर्ण वळलं आणि तिनं दांडी पकडली. इतकी वर्षं आमच्या विभागात सगळे सांगत आले, माणसाच्या हाताची सांधलेली कंडरा प्लास्टरमध्ये गप्प ठेवा. तशी ठेवली की ती आजूबाजूला चिकटते आणि बोट ताठ राहतं. मी मात्र रोज या कोंबडीचं बोट हलक्या हातानं हलवत राहिले. आमचे विभागप्रमुख हसायचे. आज हसले नाहीत, दोनदा वाकून बघितलं!

पण खरं लिहायचंय ते अण्णांचं. डोळे दाखवायला मिरजेला आले की माझे वडील कायम प्रयोगशाळेच्या फाटकाशीच थांबायचे. जैनाच्या घरातली लेक कोंबड्या कापते, असं तोंडावर कधी म्हणाले नाहीत. फक्त माझ्या कामाचं कधी विचारलं नाही. कापल्याच की मी. त्याशिवाय आत कंडरा चिकटली की नाही, कळलं असतं का? माहीत नाही.

आज काय झालं कोण जाणे, स्वतःहून आत आले. पिंजऱ्यापाशी उभे राहिले.

"ही तरी जगंल न्हवं?"

"जगेल, अण्णा. हिला नाही कापणार. बाकीच्यांनी सांगायचं ते सांगून झालंय."

त्यांनी हळूच तिच्या पंजाखाली आपलं बोट धरलं. आणि तेच बोट, मी सांधलेलं, त्यांच्या बोटाभोवती वळलं.

"लय घट्ट धरलंय गं हिनं."

मी सोडवायला पुढं झाले.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले.