नीलाआत्याचं बसकर

जर्मनी, ६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस दिव्यानीचा सविनय जयभीम, वि. वि.

नीलाआत्याने शिवलेलं बसकर मिळालं. दहा तास बसून माझी कंबर धरते, म्हणून ते रोज प्रयोगशाळेत नेते आणि घरी आणते, नाही तर कुलदीप त्यावर बसेल. हा आपल्याकडचाच, चंद्रपुरातल्या कोरपन्याचा; आम्ही एकाच यंत्रावर काम करतो. बसकर लोखंडी स्टुलावरून जराही घसरत नाही. आत्याचा हातच तसा.

तुम्ही विचारलंत, मी करते काय. इलेक्ट्रॉन लाटेसारखाही चालतो. लाटेच्या वाटेत आम्ही बारीक नक्षी कोरलेला पापुद्रा धरतो; त्यातून जाताना तिला पीळ पडतो आणि पडद्यावर मधे पोकळ असं गोल कडं उमटतं. माझं मात्र दबकं, एका बाजूने चेपलेलं येतं. यंत्रावर माझी पाळी ३१ तारखेपर्यंत. तोवर गोल आलं तर प्रबंध पुरा होऊन डिसेंबरात घरी, नाही तर पुढची पाळी वर्षाने. तीन वर्षं झाली बाबा, आता घर हवं आहे.

तुमची दिव्यानी

चामोर्शी, ९ ऑक्टोबर

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

माझ्या पत्राचा फोटो काढून शेजारचा गोपाल पाठवतो, म्हणून अक्षर जपून काढतो आहे. आत्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, कड्यासाठी एवढ्या दूर काऊन जावं लागते, इथी बाजारात डझनानं भेटतात.

धानाच्या बांधीतलं पाणी भलतीकडे जाऊ लागलं की मी आधी कडेच्या धुऱ्यात उंदराचं बीळ शोधतो. तूही जवळच बघ. आत्याचा निरोप, जो तिने तीनदा सांगितला: बसकर एक दिवसही सोडू नको.

तुझा बाबा, सोमाजी

जर्मनी, २० ऑक्टोबर

ती. बाबांस जयभीम.

जवळचं सगळं पाहिलं. फोन, घड्याळ बाहेर ठेवलं, लिफ्ट बंद करायला लावली. कुलदीप बसला की कडं गोल, मी बसले की दबकं. माझे मार्गदर्शक सर सभ्य आहेत. मला विश्रांती घ्या एवढंच म्हणाले. विज्ञान शिकलेली मी, पण काल स्वतःच्या पायगुणाचा विचार करत रडले आणि बसकर पोटाशी धरून झोपले. कंबर मात्र बरी आहे. आत्याला सांगा.

दिव्यानी

चामोर्शी, २१ ऑक्टोबर

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

आत्याला सांगितलं. ती खूश झाली आणि खुशीत बोलून गेली. बसकरात आठ चुंबक आहेत. आठवडी बाजारात कंबरदुखीवर म्हणून घेतले. म्हणते, दिव्यानीले सांगतलं असतं तर हसली असती, म्हणून गुपचूप शिवले.

यंत्रात इलेक्ट्रॉन चुंबकानेच वळवतात, असं तूच एकदा लिहिलं होतंस. ते तिला सांगितलं. पोरीचं वर्ष म्याच खाल्लं, असं म्हणून राह्यली. सकाळपासून तिने चहा घेतलेला नाही. मीही नाही. लगेच कळव.

बाबा

जर्मनी, २२ ऑक्टोबर

ती. नीलाआत्यास जयभीम.

आधी दोघं चहा घ्या. आज बसकर उसवून चुंबक काढले आणि घरी ठेवून गेले. कडं गोल आलं. डिसेंबरात येते.

यंत्राच्या नोंदवहीत बिघाडाचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: आत्याची माया, आठ नग. सरांनी अर्थ विचारला आणि खाली सही केली.

रिकाम्या बसकरावर सकाळपासून बसले आहे आणि कंबर पुन्हा दुखते आहे. हे मात्र नोंदवहीत लिहिलेलं नाही. येताना आठही सोबत आणते. परत शिवून ठेव, आपल्या घरी यंत्र नाही.

लोभ असाच असू दे, फक्त पार्सलात काय आहे ते सांगत जा.

तुझी दिव्यानी