आतून उघडता येतं का

प्रिय खटपटीस,

हातात फोन असताना हा माणूस कागद काळा करत का बसलाय, असं तुला वाटेल. वाटू दे. त्या फोनला आणि दुकानातल्या त्या संगणकाला मी इतका विटलोय की आज खणातून शाईचं पेन शोधून काढलं. ते वाळून खडंग झालं होतं, म्हणून शेवटी पावत्या लिहायचं बॉलपेन घेतलं. दुपार आहे, गिऱ्हाईक नाही, काउंटरवरच लिहितोय. मध्येच कोणाची किल्ली कापायला उठावं लागलं तर वाक्य तुटेल, जोडून वाच.

आधी त्या यंत्राची तऱ्हा ऐक. मला एखाद्या कुलपाच्या स्प्रिंगचा आकार बघायचा असतो, दोन मिनिटांचं काम. पण उघडलं रे उघडलं की तेच मला प्रश्न विचारायला लागतं. कुकीज स्वीकारता का? सूचना पाठवू का? तुम्ही कुठे आहात ते बघू का? आणि हे सगळं झालं की, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा. चाळीस वर्षं याच काउंटरमागे बसलेल्या माणसाने चौकोनांतले सिग्नल मोजून आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं! परवा तीनदा नापास झालो. सिग्नलचा खांब धरायचा की नाही, हे कोणी सांगतच नाही. तुझी आत्या त्यापेक्षा सुखी. ती सगळ्याला होच म्हणते. बिचारे एवढं विचारतायत, तर नाही कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. आता तिला दिवसभर कोण कोण बक्षीस लागल्याचं कळवतं आणि ती प्रत्येकाला धन्यवाद पाठवते.

मागे गुडघा दुखत होता म्हणून एकदा, फक्त एकदा, त्या यंत्राला विचारलं. तेव्हापासून गुडघ्याचे पट्टे हात धुऊन माझ्या मागे लागलेत. बातम्या वाचाव्यात तर पट्टा, हवामान बघावं तर पट्टा. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, काका, ती काळी खिडकी उघडत जा, इनकॉग्निटो म्हणतात तिला, तिथे काय बघितलं ते कोणाच्या बापाला कळत नाही. आठवडाभर मी त्या काळ्या खिडकीत बसलो. मग त्याच्याच दुकानात छापायला आलेल्या एका मुलीने समजावलं की त्या खिडकीने फक्त आपल्या मशीनवर खुणा राहत नाहीत, बाहेरच्यांना दिसायचं ते दिसतंच. म्हणजे आपणच आपल्यापासून लपायचं, वा रे सोय! झेरॉक्सवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो तिथे काय बघत होता, ते मी विचारलं नाही.

पण या सगळ्यावर कडी केली ती माझ्या जावईबापूंनी. आत्याच्या नव्या घरी आपण सगळे जमलो होतो ते आठव. जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हाला ओळीने बसवलं आणि एकेकाचा पासवर्ड विचारत सुटले. आत्याचा निघाला 'पासवर्ड'. माझा निघाला दुकानाचा फोन नंबर, जो बाहेर पाटीवर हातभर अक्षरात रंगवलाय. हसून हसून पुरेवाट झाली. मग ते म्हणाले, मी ऑफिसात सुरक्षेचंच काम बघतो, तुम्हाला हे झेपायचं नाही, सगळ्यांना चांगले पासवर्ड मी करून देतो आणि माझ्याकडेच ठेवतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आयुष्यात हजारो किल्ल्या कापल्या, पण एकाही गिऱ्हाइकाची जादा किल्ली काढून ठेवली नाही. ठेवणाऱ्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. आणि इथे एक माणूस हसत हसत आख्ख्या घराच्या किल्ल्या खिशात टाकत होता, आणि मी कुलूपवाला माझीही त्याच्या हातावर ठेवत होतो. का, तर जावई नाराज नको व्हायला. तू तेव्हा ताटं उचलत होतीस. त्यांच्या हातात एक निळा फोन होता, त्यावर ते मधून मधून काही वाचत होते. मला वाटलं त्यांनी नवा घेतला. तो तुझा होता, हे फार उशिरा माझ्या टाळक्यात शिरलं.

त्यानंतर दोन महिन्यांपूर्वी तू दुकानात आलीस. मालाची यादी मशीनवर चढवून देते म्हणालीस. तासाभरात तीनदा फोन आला. तिन्ही वेळा तू कुठे आहेस ते सांगितलंस, आणि तिसऱ्यांदा तर काउंटरचा फोटो काढून पाठवलास. संध्याकाळी मी आत्याला म्हणालो, बघ, किती काळजी घेतो पोरगा. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तुझी आई असती तर तिला पहिल्याच फोनला कळलं असतं. मला मात्र तू वाळलीस एवढंच दिसलं, आणि त्यावरही मी तुलाच बोललो, जेवत जा म्हणून. निघताना तू म्हणालीस, बाबा, माझं कॉलेजातलं जुनं खातं या मशीनवर उघडलंय, यादी त्यातच आहे, ते बंद करू नका. मी म्हटलं, बरं. मला त्यातलं काय कळतंय.

गेल्या सोमवारी एक बाई जुनं कपाटाचं कुलूप घेऊन आल्या. त्याचा नमुना शोधायला मी वरच्या पट्टीत 'कुलूप' एवढंच लिहिलं, तर खाली आपोआप एक ओळ उमटली. 'कुलूप बाहेरून लावलं असेल तर दार आतून उघडता येतं का.' माझं डोकंच फिरलं. वाटलं, झेरॉक्सवाल्याने माझ्या मशीनला हात लावला. आणि धंद्याची सवय बघ, बाई गेल्यावर मी उत्तरही देऊन टाकलं, मोठ्याने, रिकाम्या दुकानात. येतं की, बिजागरीच्या पिना आतल्या बाजूला असतील तर येतं. मग तो शब्द पुसला, तर खाली आणखी ओळी आल्या. 'नवरा आपला फोन बघतो हे कसं ओळखायचं.' आणि तिच्याखालची. 'नवऱ्याने प्रमाणपत्रं कपाटात कुलपात ठेवली असतील तर.' तेव्हा मी स्टुलावर बसलो.

कोणाचं दार उघडून दिलं की मी पाठ फिरवतो, आत नजर टाकत नाही, हे तू लहानपणापासून बघितलंयस. त्या दिवशी नाही फिरवली. तो मागचा इतिहास का काय म्हणतात तो उघडला आणि वाचला. सगळा नाही, पण पुरे झाला. शनिवारी तो बाहेर जाताना दाराला कुलूप लावून जातो, हे तू त्या यंत्राला चार वेळा चार तऱ्हेने विचारलंयस. यापुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही, तू रागावलीस तरी चालेल. पण पहिला राग मला तुझाच आला. आख्खा जन्म कुलपं उघडण्यात घालवलेला बाप तुला आहे, आणि तू विचारतेस कोणाला, तर मला सिग्नल मोजायला लावणाऱ्या त्या डबड्याला! दोन दिवस मी तुझ्यावर चरफडत होतो. एका गिऱ्हाइकाची किल्ली उलटी कापली. आत्याला विनाकारण ओरडलो. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिला सांगितलं.

मग बुधवारी डोक्यात प्रकाश पडला. तुझ्या फोनवरचं खातं त्यानेच काढून दिलेलं, त्याचा पासवर्ड त्याच्याकडे. कॉलेजातलं हे जुनं खातं त्याला ठाऊकच नाही. ते उघडं आहे दोनच ठिकाणी, तू डोळे तपासतेस त्या चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर आणि माझ्या काउंटरवर. तू तिथे लिहिलेलं इथे दिसणार, हे मला माहीत नव्हतं. तुला नक्की माहीत होतं. दहा वर्षांची असताना माझ्या पेटीतली हत्यारं परत जागच्या जागी लावणारी मुलगी तू, खातं बंद करायला विसरशील होय! तू त्या यंत्राला विचारत नव्हतीस, मला सांगत होतीस. तोंडाने बोलता येत नव्हतं, म्हणून दोन महिने रोज त्या पट्टीत येऊन सांगत होतीस, आणि मी गाढव गुडघ्याच्या पट्ट्यांवर चिडत बसलो होतो. मला माफ कर. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्याच पट्टीत तुला उत्तर लिहावं, असं मनात आलं होतं. बोटं कळांवर ठेवलीही होती. पण या मशीनचे पासवर्डही त्यानेच करून दिलेत. ते जुनं खातं त्याला दिसत नसेल असं मला वाटतं, पण मला काय वाटतं त्याच्यावर तुझा जीव टांगायचा नाही. फोन तर त्याच्याच हातात. राहिला कागद. कागद निदान कुठून वाचला गेला ते कोणाला कळवत नाही. आत्याने तो तुझ्या हातात दिला असेल आणि आत्ता ती तुझ्यासमोर त्या उंच खुर्चीत, डोळे तपासायला आलेली म्हणून बसली असेल. तिला तोंड मिटून बसायला बजावलंय, बिचारीला किती कष्ट पडत असतील ते बघच. मी रस्त्यापलीकडे उभा असेन, पेटी घेऊन. तो कामावरून सहाच्या आत येत नाही, हेही तू त्या पट्टीत लिहून ठेवलंयस. त्या कपाटाला मला पाच मिनिटं पुरतील. प्रमाणपत्रं, कपडे, आणखी काय तुझं असेल ते घ्यायचं आणि घरी यायचं. फोन तिथेच चष्म्याच्या दुकानाच्या खणात राहू दे, म्हणजे त्याला तू संध्याकाळपर्यंत कामावरच दिसशील. पण घरात राहणाऱ्याने उघडा म्हटल्याशिवाय मी आजवर कोणाचं दार उघडलं नाही, आणि तुझंही उघडणार नाही. तुझ्या वतीने ठरवणारा एक आहे तेवढा पुरे झाला. नाही म्हणालीस तर मी चिडेन, घरी जाईन, आणि उद्या पुन्हा इथे येऊन उभा राहीन, आणि परवाही. शेजारच्या टेबलावर तुमच्या दुकानातली माणसं बसलेली असतील, म्हणून जास्त बोलू नकोस. अजून वेळ हवा असेल तर आत्याला सांग की नंबर तोच आहे. आणि निघायचं असेल तर एवढंच सांग की नंबर बदललाय. ती लगेच दारात येईल, आणि मी रस्ता ओलांडेन.

तुझाच, काचेतून तुला बघत उभा असलेला,
बाबा