बेळ्ळीचे दात आणि उदगीर जिल्हा

११ जानेवारी २०१६, उदगीर
मांजरीच्या, म्हणजे बेळ्ळीच्या तोंडाला वास येतो. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दातांवर थर चढलाय, हिरड्या लाल आहेत. लातूरला नेऊन क्लीनिंग करा आणि रोज बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसा.
ठरलं. रोज सकाळी सहा वाजता. मी शिस्तीचा माणूस आहे.
लातूरची मात्र घाई नको. चहावाला मन्मथ जिल्हा कृती समितीत आहे. तो म्हणतो, सव्वीस जानेवारीला उदगीर जिल्हा डिक्लेअर होणार. मग जनावरांचं मोठं हॉस्पिटल इथंच. बायको, कमलम्मा, भाकरी थापत राहिली. म्हणजे पटलं.

१२ जानेवारी, सकाळी सहा
बोट रक्तबंबाळ. सुळे चांगलेच भक्कम आहेत. काळजीचं कारण नाही.

१९ जानेवारी
नळाला पाणी नाही. अशा दुष्काळात फडकं कशात भिजवू? कमलम्मानं वाटीभर पाणी पुढं ठेवलं. पिऊन टाकलं. तहान लागली होती.

२६ जानेवारी
सकाळपासून टीव्ही लावून बसलो. जिल्हा नाही. मन्मथ म्हणतो, आता एक मे, पक्कं. बेळ्ळीनं भाकरी सोडली, नुसतं दूध पिते. वय झालं की खाणं कमी होतंच. माझंही झालंय.

४ मार्च
लाळ गळते. पंजानं गाल घासत असते. कमलम्मा म्हणाली, लातूरला चला. मी समजावलं की लातूरलाच पाणी नाही, डॉक्टर हात कशानं धुणार? ती हसली नाही. मीही विनोद केला नव्हता.

११ एप्रिल, दुपार
दूधही बंद. वाटीजवळ जाते, तोंड लावते, कळवळून मागं फिरते. बघवत नाही. पळत मन्मथकडं गेलो. एक मेच्या आधी नाही का होणार जिल्हा? हात जोडले. त्यानं फुकट चहा पाजला.
घरी आलो तर कमलम्मा टोपलीत जुनं लुगडं अंथरत होती.
"जिल्हा व्हायचा तवा होऊ द्या. ती आज उपाशी हाय," म्हणाली.

१२ एप्रिल, लातूर
पाण्याची रेल्वे आलीय, गाव सगळं तिकडं. रिक्षा मिळेना. टोपली छातीशी धरून चालत गेलो. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून त्रास आहे? मी म्हणालो, आठ दिवस. कमलम्मानं जानेवारी सांगितलं. मग डॉक्टरनं पुढचं सगळं तिलाच विचारलं.
सुळे, दाढा, सगळे दात काढावे लागले.

१ मे
जिल्हा नाही. मन्मथ म्हणतो, पंधरा ऑगस्ट.
बेळ्ळी दूधभात खाते, अंग धरलंय. दातच नाहीत, तेव्हा आता पुसायची कटकट मिटली, असं कमलम्माला म्हणालो. ती आत निघून गेली.
तरी सहा वाजता फडकं भिजवलं. हिरड्यांवरून फिरवायला गेलो तर बेळ्ळी चावली. पहिल्यासारखीच, सगळा जोर लावून.
लागलं नाही. बोट तिच्या तोंडात तसंच ठेवून रडत बसलो.